‘वडील काय करतात?’

शाळेच्या प्रवेश अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यातल्या शाळेचे अर्ज चाळले, तर या रकान्यात ‘शेती’ आणि ‘मजुरी’ हे दोन शब्द पुनःपुन्हा आढळतात, अधूनमधून ‘नोकरी’ येते आणि आईच्या नावापुढे बहुधा ‘घरकाम’. माणसे दिवसभर नेमके काय करतात याची इतकी त्रोटक नोंद ठेवायची आणि मग त्यांच्याच मुलांना ‘कामाचे जग बदलते आहे’ असे सांगायला जायचे, यात काहीतरी अडचणीचे आहे. ती अडचण कोणती, याचा विचार गेली दोन वर्षे आमच्या डोक्यात चालू आहे. हे लेखन म्हणजे त्या विचाराची एक मांडणी.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एकाच वर्षी, एकाच विद्यापीठातून एम.ए. झालो, वय दोघांचेही चाळिशीच्या पुढे. आमच्यापैकी एक जण महाविद्यालयात कायम पदावर आहे आणि दुसरा तासिका तत्त्वावर शिकवतो. या फरकाबद्दल पुढे बोलायचे आहेच. महिन्यातून एखाद्या शनिवारी आम्ही एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी बोलायला जातो. विषय मुख्याध्यापकांनी दिलेला : बदलते कार्यविश्व. मराठीच्या माणसांना हा विषय कशासाठी, असे आम्ही विचारले. ‘सर, करिअरवाले येतात आणि तक्ता लावून जातात. तुम्ही पोरांशी बोला,’ असे त्यांचे उत्तर होते.

बोलण्याची सुरुवात आम्ही सर्वांत सोप्या प्रश्नाने केली : घरी कोण काय काम करते? उत्तरे अशी आली : ‘वडील काही करत नाहीत, शेती करतात.’ ‘आई काही करत नाही, घरीच असते.’ ‘भाऊ बेकार आहे.’ चौकशी केल्यावर कळले, की काही न करणारी आई पहाटे पाचला उठते, धारा काढते, डबे करते, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते आणि दिवाळीच्या सुमारास किलोवर कापूस वेचते. बेकार भाऊ पदवीधर आहे; तो सकाळी मैदानावर पोलीस भरतीसाठी पळतो, दुपारी अभ्यासिकेत बसतो, संध्याकाळी चुलत्याच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करतो आणि सुगीत मळणी यंत्रावर जातो. मुले खोटे बोलत नव्हती. आपल्या भाषेने त्यांना जे शिकवले आहे, तेच ती सांगत होती.

भाषेचा विषय निघाला म्हणून थोडे शब्दांकडे वळू. आमचा व्यवसाय तोच आहे. कामाविषयीचे आपले पुष्कळसे शब्द राज्यकर्त्यांच्या मागून आले. ‘नोकर’ आणि ‘चाकर’ फारसीतून आले. त्यांपैकी ‘नोकर’ तर त्याही पलीकडे मंगोल भाषेत सरदाराच्या साथीदाराला म्हणत. ‘रोजगार’ही फारसीच, आणि त्यातला ‘रोज’ म्हणजे दिवस. ‘पगार’ आणि ‘कंत्राट’ हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांनी दिले. ‘बेकार’ हा शब्द मात्र सर्वांत विचार करायला लावणारा आहे. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘कार’ म्हणजे काम. म्हणजे ज्याला काम नाही तो. मराठीत आल्यावर त्याला दुसरा अर्थ चिकटला : निरुपयोगी, टाकाऊ. भाजी बेकार होते, गाडी बेकार निघते आणि माणूस बेकार असतो. दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात आणि बोलणाऱ्याला कळतही नाही, की तो एकातून दुसऱ्यात कधी गेला. ‘सुशिक्षित बेकार’ हा शब्दप्रयोग सरकारी योजनांतूनही वावरला. त्या मुलाच्या भावाला नोकरी नव्हती. काम भरपूर होते. पण नोकरी आणि काम यांतला फरक पुसला गेल्यामुळे तो बेकार ठरला.

एवढ्यावर थांबता आले असते. ‘श्रमाला प्रतिष्ठा द्या’ असा एक उपदेश करून घरी येता आले असते. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी आमच्या लक्षात आले, की ‘काही करत नाहीत’ या उत्तरामागे केवळ अज्ञान नाही. काही मुलांना वडिलांचे काम उत्तम ठाऊक असते. त्यांना ते वर्गात सांगायचे नसते. कारण गावात कामाचे नाव सांगणे म्हणजे जातीचे नाव सांगणे.

त्रिंबक नारायण आत्र्यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. बलुतेदारीची इतकी तपशीलवार नोंद मराठीत दुसरी क्वचितच सापडेल. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग; यादी गावागणिक थोडी बदलते, पण तत्त्व बदलत नाही. काम वंशपरंपरेने ठरलेले, मोबदला धान्याच्या रूपाने सुगीत मिळणारा आणि किती मिळावा हे देणाऱ्याच्या हाती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या आपल्या भाषणात दाखवून दिले, की ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. महार वतनाविरुद्ध त्यांनी १९२० च्या दशकापासूनच आवाज उठवला होता. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. कायद्याने वतन गेले. रकान्यातला शब्द मात्र अजून जात सांगतो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्यांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम शिकावे, असे सुचवले आहे. कल्पना चांगली आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमचा वारसा तिच्यात आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे हाताने करत शिकण्याचा जो अभ्यासक्रम घडला, तो अनेक शाळांनी स्वीकारला. हे सारे मोलाचे आहे. पण कुंभाराच्या चाकावर बसलेला पाटलाचा मुलगा नवे कौशल्य शिकतो आणि त्याच चाकावर बसलेला कुंभाराचा मुलगा घरी परत जातो, हे लक्षात ठेवून मगच तो दिवस आखायला हवा. पहिल्यासाठी तो अनुभव असतो. दुसऱ्याला ते जुने बोट पुन्हा धरायला लावणे वाटू शकते.

यावरून आम्हांला नोकरीचा अर्थ नव्याने कळू लागला. मराठवाड्यातले तरुण सरकारी नोकरीच्या मागे लागतात, त्यांना जोखीम नको असते, धडाडी नाही, असे शहरांतून येणारे व्याख्याते सांगतात. त्यांना या भागाचा इतिहास ठाऊक नसावा. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. दफ्तराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही माध्यम उर्दूच होते. संस्थान गेले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. ज्या उर्दूच्या बळावर कारकुनी मिळे, तिचे मोल पुरत्या एका पिढीच्याही आत घसरले. कामाचे जग बदलते हे आपल्या आजोबांना कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागले नाही.

त्या बदलात एक दार मात्र उघडले. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेबांच्या संस्थेने मिलिंद महाविद्यालय काढले. खेड्यातली मुले शिकली, आणि शिक्षक, तलाठी, कारकून, रेल्वेतले कर्मचारी झाली. महिन्याच्या महिन्याला पगार हा त्या नोकरीचा एक भाग झाला. त्याहून मोठा भाग असा, की पहिल्यांदाच माणसाला असे पदनाम मिळाले ज्यात जात नव्हती. ‘गुरुजी’ म्हटले की गुरुजी. परभणीला कृषी विद्यापीठ आले १९७२ साली. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात नोकऱ्यांचा प्रश्न अग्रभागी होता आणि तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या वसमतला झालेल्या गोळीबारात विद्यार्थी मारले गेले. ज्या गोष्टीसाठी विद्यार्थी जिवाला मुकले, तिला केवळ ‘सुरक्षिततेची हाव’ म्हणता येत नाही. नोकरी हा इथे गावगाड्यातून बाहेर पडण्याचा रस्ता होता.

म्हणूनच नोकऱ्या कमी होतात तेव्हा केवळ पगार कमी होत नाही, तो रस्ता अरुंद होतो. आणि तो होतो आहे, हे मुलांना सांगणे भाग आहे. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. तेव्हापासून नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. पुढच्या काही वर्षांत डी.एड. महाविद्यालयांचे पीक आले. घरातली एकरभर जमीन विकून मुलीला डी.एड. केलेली कुटुंबे आमच्या ओळखीत आहेत. मग भरती थंडावली. २०१३ साली पात्रता परीक्षा आली, २०१७ साली अभियोग्यता चाचणी आली. पदविका तीच राहिली, पण तिच्यापुढे एकेक दार वाढत गेले. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा शासन निर्णय निघाला आणि विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. निर्णय रद्द झाला, तरी कंत्राटी पदे सगळीकडे आहेतच.

आमचेच उदाहरण मुलांसमोर ठेवावे लागते. दोघांची पदवी एक, विषय एक, शिकवणे सारखेच, विद्यार्थीही सारखेच. एकाला महिन्याला वेतन मिळते, सुटीत मिळते, पुढे निवृत्तीची काही तजवीज आहे. दुसऱ्याला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही कित्येक महिन्यांनी. उन्हाळ्यात नाहीत, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत देऊन नवा आदेश घ्यावा लागतो. एका मुलीने विचारले, ‘सर, मग तुमच्यात जास्त हुशार कोण?’ वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण प्रश्न बरोबर जागी लागला होता. फरक हुशारीचा नाही. जागा निघाल्या त्या वर्षी कोण कुठे उभा होता, एवढाच फरक आहे. काम तेच असून कामाच्या अटी वेगळ्या असू शकतात, हे आम्हांला त्या दिवशी फळ्यावर वेगळे लिहावे लागले नाही.

येथून आमच्या शनिवारांना एक रीत सापडली. करिअरची यादी द्यायची नाही. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली जात असे आणि तिच्या क्षेत्रांत ‘गणवेशधारी सेवा’ हेही एक होते. मैदानावर पहाटे पळणाऱ्या मुलांना गणवेशाचा कल असतो, की गणवेशाखेरीज दुसरे दार दिसत नसते, हे कोणत्याही चाचणीला सांगणे अवघड आहे. यादीऐवजी आम्ही एकेक काम घेतो आणि त्याचे तुकडे करतो. त्यात प्रत्यक्ष काय काय करावे लागते? ते कुठे आणि कोणाकडून शिकता येते? पैसे कोण देतो, कसे आणि कधी? आणि काम थांबले तर नुकसान कोणाच्या अंगावर पडते? हे चार प्रश्न.

पूर्ण्याचे उदाहरण मुलांना लवकर समजते, कारण जंक्शन पाहिलेले असते. वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन असे. १९९० च्या दशकात वाफेची इंजिने नियमित सेवेतून गेली. कोळसा टाकणे संपले, पण चालकाशेजारची ती जागा संपली नाही. डिझेलवर तिला सहायक म्हणू लागले, आता सहायक लोको पायलट म्हणतात. सिग्नल पाहणे, तो मोठ्याने पुकारणे, रात्रभर जागे राहणे हे उरले. टंकलेखनाचेही तसेच. यंत्र गेले, परीक्षा संगणकावर आली, २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएससीआयटीचे प्रमाणपत्र सरकारी नोकरीला लागू लागले. पण न बघता चालणारी बोटे आणि शुद्ध लेखन यांची गरज राहिली. कामातला कुठला भाग जातो आणि कुठला उरतो हे पाहण्याची नजर आली, की ‘हे क्षेत्र चालेल का?’ या प्रश्नाला थोडी धार येते.

सगळ्या उदाहरणांचा शेवट असा समाधानकारक नसतो. वर्गात ऊसतोड कुटुंबांतली मुले आहेत. दिवाळीनंतर त्यांतली काही जण दिसेनाशी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल; मग टनावर हिशेब. या कामाला आमचे चार प्रश्न लावले, तर चौथ्याचे उत्तर सर्वांत कठोर येते : पाऊस पडला, कारखाना बंद राहिला, बाई आजारी पडली, तरी उचल फिटायचीच असते. आता ऊसतोडणी यंत्रे आली आहेत. त्यांना रुंद सरी लागते, लहान तुकड्यांत ती नीट वळत नाहीत, म्हणून ती हळूहळू पसरत आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस १६२ हा सोयाबीनचा वाण उंच वाढतो आणि यंत्राने काढायला सोयीचा आहे. म्हणजे यंत्र येण्याची तयारी बियाण्यातच झालेली असते. कोयता गेला तर वाईट वाटावे असे त्या कामात काही नाही. पण कोयता गेल्यावर उचलही मिळणार नाही, आणि लग्न, दवाखाना, घराचे पत्रे हे सारे त्या उचलीवर चालत होते. एका मुलाने विचारले, ‘यंत्र कोणाचं असतं सर?’ आमच्या चार प्रश्नांत हा पाचवा त्याने घातला. तेव्हापासून तो कायम आहे.

मुलींच्या बाबतीत हे प्रश्न आणखी टोकदार होतात. २०२३ च्या अखेरीस केंद्र सरकारने बचत गटांतल्या महिलांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना जाहीर केली. उद्दिष्ट पंधरा हजार गटांचे. मुलींना त्याचे आकर्षण वाटते, आणि वाटावे. परंतु खुरपणीची मजुरी बाईला कमी आणि औत हाकणाऱ्या पुरुषाला जास्त, हा भेद यंत्र आल्यावर आपोआप मिटत नाही. यंत्र बहुधा पुरुषाच्या हातात जाते आणि बाईचे काम तेवढे कमी होते. ड्रोन बाईच्या हातात देणे हा म्हणूनच साधा निर्णय नाही. ‘हे कोण शिकवणार आणि घरचे शिकू देतील का?’ असे एक मुलगी म्हणाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांच्या मध्ये एक न लिहिलेला प्रश्न असतो, हे तिने आम्हांला दाखवले.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मुले विचारतातच. २०२२ च्या अखेरीपासून निबंध, अर्ज, भाषणे लिहून देणारी साधने हातातल्या मोबाइलवर आली आहेत आणि मराठीच्या अध्यापकाला ती वर्गात भेटतात. पूर्वी तहसीलसमोर अर्ज लिहून देणारे बसत. सातबारासाठी हेलपाटे असत. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या निघू लागला. अर्जनवीस गेला तेव्हा आपण हळहळलो नाही. पण त्याच्याकडे जाणारी माणसे नुसते अक्षर विकत घेत नव्हती. आपली तक्रार नेमकी कोणती, ती कोणाकडे करायची, कोणता कागद जोडायचा, हे तो विचारून विचारून काढत असे. लिहिणे यंत्राकडे गेले तरी ‘तुझी तक्रार नेमकी काय आहे?’ हे आधी कोणीतरी विचारावे लागते, आणि ज्याला आपल्या कामाचे वर्णन ‘काही नाही’ असे करायची सवय लागली आहे, त्याचा अर्ज कोणतेही यंत्र नीट लिहू शकणार नाही. भाषा शिकवणाऱ्यांचे काही काम उरले असेल, तर ते येथे आहे असे आम्हांला वाटते.

‘नोकरीच्या मागे लागू नका, उद्योजक व्हा,’ हे मात्र आम्ही सांगत नाही. उद्योगाला भांडवल लागते आणि बुडाल्यावर सावरायला घर लागते; दोन्ही नसलेल्याला असे सांगणे म्हणजे जोखीम त्याच्या अंगावर ढकलून आपण मोकळे होणे. ‘स्पर्धा परीक्षा सोडा’ असेही सांगत नाही. त्या रस्त्याचा मान आम्ही राखतो. एवढेच म्हणतो, की प्रतिष्ठा त्या एकाच दारापाशी गहाण ठेवू नका. आणि पुण्याकडे कंपनीत किंवा घरपोच सेवेच्या कामाला गेलात, तर सही करण्याआधी अटी वाचा. कोणाच्या नावाने पगार निघतो, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, गाडीचा अपघात झाला तर खर्च कोणाचा, हे विचारायला शिका. हे विचारणे उद्धटपणा नव्हे.

गेल्या शनिवारी मुलांना एक गृहपाठ दिला होता : घरातल्या कोणाही एका माणसाने एका दिवसात केलेली सगळी कामे, उठल्यापासून झोपेपर्यंत, वेळेसह लिहून आणा. व्यवसायाचे नाव लिहायचे नाही, फक्त कामे. निम्म्याहून अधिक मुलांनी आई निवडली आणि बहुतेकांची यादी पानाच्या पाठीवर गेली. एका मुलीने शेवटी स्वतःहून बेरीज केली होती : साडेसोळा तास. एका मुलाने वडिलांऐवजी मामांविषयी लिहिले. मामा ट्रॅक्टर चालवतात. वडील घरी असतात, हे आम्हांला ठाऊक आहे. त्याला आम्ही कारण विचारले नाही. पुढच्या शनिवारी नोकरीच्या तीन जाहिराती वर्गात वाचायच्या आहेत. त्यांतली एक कायम पदाची, एक मानधनाची आणि एक ‘आकर्षक कमाई’ची. पाचही प्रश्न मुलांनीच विचारायचे, असे ठरले आहे.